मधली तुळई

घर उचलायचं होतं त्या दिवशी थोरलीने सकाळी सहाला चहाचं आधण ठेवलं आणि ते उतू जाईपर्यंत बघत उभी राहिली. एरवी तिच्या हातून थेंब सांडत नसे. टपाल कचेरीत छत्तीस वर्षं तिकिटं मोजून निवृत्त झालेली बाई ती, वय एकसष्ट, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आणि नीटनेटकी इतकी की तिच्या घरात झुरळंसुद्धा रांगेत चालतात असं धाकटा म्हणायचा. सामान आदल्या दिवशीच शेजारच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये हलवलं होतं. घरात उरला होता एक स्टोव्ह, एक पातेलं, सहा कप आणि ती.

"ताई, मिस्त्री आले!" बाहेरून धाकट्याने, तिच्या भावाने, हाक मारली. "बाहेर येतेस, की घराबरोबर तुलाही उचलायचं?"

तिला हसू आलं नाही. चार रात्री तिला झोप नव्हती आणि त्याचं कारण तिच्या पायांखाली होतं. घराच्या जमिनीच्या फळ्या तीन लांब तुळयांवर बसलेल्या होत्या, पुढच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत. दोन कडेच्या आणि एक मधली, प्रत्येक तीन-तीन दगडांवर टेकलेली. मधलीच्या मधोमध खांब उभा, आणि त्या खांबावर अख्ख्या छपराचं आढं. ती मधली तुळई चोवीस फुटांची, एकसंध आहे असं सगळे धरून चालले होते. ती एकसंध नव्हती. दोन तुकडे जोडलेले होते. हे आता जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस स्टोव्ह पुसत उभं होतं.

घर बांधलं आजोबांनी. ते सुतार, त्यांचे दोघे भाऊ सुतार, आणि लाकूड मिळालं मोडीत निघालेल्या एका धान्याच्या कोठाराचं. तेव्हा इथे उपनगर वगैरे काही नव्हतं. चिखलाची एक वाट आणि दोन्ही बाजूंना भाजीचे मळे. इतक्या लांब येऊन राहणार कोण, असं लोकांनी विचारलं, तर आजोबा म्हणाले, मी. पुढे मळे गेले आणि बिस्किटांचा कारखाना आला. सकाळी गोड वास आणि संध्याकाळी भोंगा. मग कारखाना गेला, चार मजली इमारती आल्या. मग त्याही म्हाताऱ्या ठरल्या आणि वीस मजली काचेच्या आल्या. लाकडाचं घर आपलं जागेवरच, आजूबाजूच्या उंच मंडळींच्या गुडघ्याला लागेल एवढं. दलाल यायचे. "मावशी, या खोक्यात किती दिवस काढणार?" असं लाडीगोडीने विचारायचे. थोरली त्यांना पायरीवरूनच वाटेला लावायची.

या घराचा एक नियम होता. घराला जे काही कराल ते कोठीच्या दाराच्या आतल्या बाजूला सुताराच्या पेन्सिलीने लिहायचं. काय केलं, कुठल्या लाकडाने केलं, कुणी केलं आणि कधी. आजोबांचं म्हणणं असं की सुतार मरून जातो, पण त्याने आत काय करून ठेवलंय ते पुढच्याला कळलं पाहिजे, नाहीतर पुढचा चाचपडत खिळे मारत बसतो. म्हणून दार भरत गेलं. 'स्वयंपाकघराची खिडकी एक वीत मोठी केली, हिला अंधारात दिसत नाही.' 'वादळात पश्चिमेच्या अकरा फळ्या गेल्या, नव्या घातल्या, तीन फळ्या कारखान्याच्या खोक्यांच्या.' 'कारखान्याच्या भोंग्याने काच तडकली, बदलली. उद्या भोंगा बदलावा.' हे शेवटचं आजोबांच्या मधल्या भावाचं. त्याला गप्प बसणं जमायचं नाही, दारावरसुद्धा नाही. पण थट्टा असो की रडगाणं, दारावर खोटं कुणी लिहिलं नव्हतं.

एकोणीस वर्षांपूर्वीची नोंद थोरलीच्या अक्षरात होती, कारण तेव्हा बाबांचा हात कापायला लागला होता. त्यांनी सांगितलं आणि तिने लिहिलं. 'मधली तुळई कुजली होती, काढली. नवी घातली. चोवीस फूट, एकसंध.'

घराच्या नशिबी रस्ता आला तो दोन वर्षांपूर्वी. रस्ता रुंद होणार आणि त्याची नवी रेघ घराच्या बैठकीच्या खोलीतून जाणार. पाठीमागची जागा त्यांचीच होती, रिकामी. धाकट्याने कचेऱ्यांच्या इतक्या पायऱ्या झिजवल्या की तिथले शिपाई त्याला आपल्यातलाच एक समजू लागले. शेवटी परवानगी मिळाली. घर आहे तसं उचलून वीस फूट मागे न्यायचं. पण त्यासाठी ठरलेली मुदत आज संध्याकाळी संपत होती. उद्या सकाळी आठला पाडणारं मशीन येणार होतं, आणि रेघेच्या अलीकडे जे उभं असेल ते जाणार होतं. रस्त्याच्या साहेबाने हे तीनदा सांगितलं होतं, वाईट वाटून घेऊन, पण तीनदा.

घरं उचलणारा मिस्त्री चार दिवसांपूर्वी पाहणीला आला. वाळकासा माणूस, आवाज न चढवणारा. ऐंशी घरं उचलली होती त्याने, आणि एकही पडलं नाही हे तो सांगायचा नाही, बरोबरची माणसं सांगायची. धाकट्याने त्याला दार दाखवलं. मिस्त्रीने चष्मा लावून ते वरून खाली वाचलं. मग दारावरच्या तीन नोंदी निवडल्या आणि जागेवर जाऊन ताडून पाहिल्या. तिन्ही बोटाबोटाला बरोबर निघाल्या.

"प्रत्येक घराला असं दार असतं," तो म्हणाला, "तर माझे निम्मे केस काळे राहिले असते."

मग तो घराखाली सरपटत गेला. मधल्या तुळईला बाबांनी खालून आणि दोन्ही बाजूंनी फळ्यांची पेटी चढवलेली होती, वाळवी लागू नये म्हणून, असं सगळ्यांना सांगितलेलं. मिस्त्रीने पेटीवर हातोडी ठोकली. आवाज भरीव आला.

"मधली एकसंध आहे ना?" बाहेर येऊन त्याने विचारलं. "मग दोन गर्डर पुरे. एक पुढे, एक मागे. तुकड्यांची असती तर मधे तिसरा लागला असता."

विचारलं धाकट्याला, पण बघत होता थोरलीकडे, कारण अक्षर तिचं होतं. तिची मान हलली. तिने हलवली असं म्हणवत नाही, पण हलली खरी.

ती का बोलली नाही? धाकटा बाजूला उभा होता म्हणून. मधली तुळई बदलली तेव्हा तो दुसऱ्या शहरात होता, बाबांशी भांडून गेलेला. परत आला तो बाबा गेल्यावर, दुसऱ्या दिवशी. तोही सुतार. बाबांच्या शेवटच्या वर्षांचं त्याच्याकडे काही नव्हतं, हे दार सोडून. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दारासमोर उभं करायचा आणि म्हणायचा, "शेवटची तुळई बघा. पंचाहत्तराव्या वर्षी. चोवीस फूट, एकसंध. हात कापत होता म्हणे. माप नाही कापलं." हे सांगताना त्याचा आवाज बदलायचा. त्याला कसं सांगणार? आणि एकोणीस वर्षं टिकलंय, वीस फूट नाही टिकणार? असं तिने स्वतःला दिवसातून शंभर वेळा समजावलं, आणि एकदाही पटलं नाही.

सात वाजता माणसं जागेवर गेली. घराखालून आडवे दोन लोखंडी गर्डर सारलेले, त्यांच्या चार टोकांना चार जॅक, चार जॅकना चार माणसं. मिस्त्रीने उंबऱ्यावर काठोकाठ पाण्याने भरलेली थाळी ठेवली. पाणी ज्या बाजूला सांडेल तिकडचा जॅक पुढे गेला असं समजायचं. तो स्वतः थाळीपाशी उकिडवा बसला आणि डोळे पाण्यावरून न काढता मोजू लागला. प्रत्येक आकड्याला चारही दांडे एकदाच खाली जायचे.

"एक."

काही झालं नाही.

"दोन. तीन."

सातव्या आकड्याला घर कण्हलं. खिळे कुरकुरले, खिडकीची काच थरथरली, आणि कोठीचं दार आपोआप उघडून सावकाश भिंतीला टेकलं. धाकट्याने थोरलीकडे बघून हात हलवला. त्याचा चेहरा आनंदाने फुललेला होता, चोपन्न वर्षांच्या माणसाला शोभत नाही इतका.

"जुनं लाकूड बोलतंच," मिस्त्री म्हणाला. "बोलू दे. गप्प बसलं तर घाबरायचं. अकरा."

एक बोट. दोन बोटं. कडेच्या तुळया आपापल्या दगडांवरून सुटल्या आणि खाली उजेडाची फट दिसू लागली. मधलीच्या खालचा दगड अजून काळोखात होता. थोरलीला तिथलं काही दिसत नव्हतं, पण तिला बघायची गरज नव्हती. गेली एकोणीस वर्षं तिने पलंग मधल्या खोलीत टाकला होता, बरोबर खांबापाशी. ती सगळ्यात चांगली खोली थोरलीने दाबून ठेवली अशी धाकट्याची कुरकुर होती, आणि ती त्याने एकदा पाहुण्यांसमोर बोलूनही दाखवली होती. तिने ऐकून घेतलं होतं. छप्पर पडायचंच झालं तर ते आपल्या अंगावर पडावं, एवढाच तिचा हिशेब होता.

चार बोटं झाल्यावर मिस्त्रीने हात वर केला. दांडे थांबले.

"आता मधला दगड काढायचा. तो राहिला तर घर ज्यांच्यावरून मागे सरकवायचं त्या लोखंडी नळ्या आत जाणार नाहीत." त्याने आपल्या एका माणसाला खूण केली.

"तो नको," धाकटा म्हणाला. "माझ्या घराखाली मी जाणार."

"साहेब, रोजचं काम आहे त्याचं."

"आजोबांनी बसवलेला दगड आहे. मी काढणार." त्याने घण आणि विजेरी उचलली, टोपी फेकली आणि पोटावर पडून आत सरपटायला लागला. आधी डोकं गेलं, मग खांदे, मग फाटक्या तळव्यांच्या चपला.

आता बोललीस तर घर जाईल, थोरलीने मनात म्हटलं. नाही बोललीस तर? वरून काहीतरी बारीक, कोरडं मोडल्याचा आवाज आला. मिस्त्रीने थाळीकडे पाहिलं. पाणी सांडलं नव्हतं, पण मधोमध थरथरत होतं. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"थांबा!" थोरली ओरडली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "थांबवा! ती एकसंध नाही. मधली तुळई दोन तुकड्यांची आहे. सांधा त्या दगडावरच आहे. त्याला बाहेर काढा!"

पलीकडच्या रस्त्यावरून एक बस गेली.

"दारावर—" मिस्त्री म्हणाला.

"दारावर मी खोटं लिहिलंय."

मिस्त्री उठला आणि फटीपाशी आडवा झाला. "साहेब, जिथे आहात तिथून मागे फिरा. कशाला हात लावू नका. सावकाश."

आतून धाकट्याचा आवाज आला, जमिनीतून आल्यासारखा. "काय म्हणाली ती?"

"बाहेर या, मग बोलू."

"बाबा माप चुकत नव्हते."

"साहेब, तुमच्या पाठीवर छप्पर आहे!"

"चुकत नव्हते!" आणि आतून फळी उचकटल्याचा आवाज आला. घणाच्या टोकाने तो पेटीची फळी काढत होता. एक खिळा किंचाळून सुटला, मग दुसरा. घराने अंग आवळल्यासारखं केलं. जॅकवरच्या चौघांपैकी एकाने दांडा सोडून दोन पावलं मागे घेतली, आणि मिस्त्रीने नुसतं बघितल्यावर परत येऊन दांडा धरला.

फळी पडली.

"दिसला?" मिस्त्रीने विचारलं.

"दिसला." धाकट्याचा आवाज बारीक झाला होता. "उघडतोय. एक बोट जाईल एवढा उघडलाय."

"मग आता तरी बाहेर ये बाबा!" मिस्त्री प्रथमच ओरडला, आणि साहेबाचा बाबा झाला हे त्याच्याही लक्षात आलं नाही.

धाकटा येईना. भीतीने असेल, हट्टाने असेल, किंवा ज्याच्यावर इतकी वर्षं उभा होता ते हातभर अंतरावर उघडताना बघून त्याच्यातली ताकदच गेली असेल. थोरली पुढे आली. पांढरीशुभ्र साडी, कालच धुतलेली, आणि ती चिखलात पालथी पडली. फटीतून तिला त्याचे तळवे दिसले आणि पलीकडे विजेरीच्या उजेडात लाकडाचा पिवळा तुकडा.

"ऐक," ती म्हणाली. "खुणा त्यांनी आदल्या संध्याकाळी केल्या होत्या. आपल्या नेहमीच्या. मध्याला एक रेघ, कापायला दोन."

तो ऐकत होता. ही खूण तोही करायचा, शिकवायला बाबाच होते.

"सकाळी करवतीचं दुसरं टोक मी धरलं होतं. ते मध्यावर येऊन बसले. मला एक रेघ दिसत होती. मला वाटलं, विचारावं. पण बाबांना माप कोण विचारणार? तू तरी विचारलं असतंस? करवत आत जात होती आणि मी ओढत होते. निम्मी गेली तेव्हाही एकच रेघ होती. तुकडा पडला तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी बोटाने रेघ चाचपली आणि मला विचारलं, दोन होत्या ना गं? मी म्हणाले, हो बाबा, दोन होत्या."

ती कोपरांवर आणखी थोडी आत सरकली.

"तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, डोळे गेलेत, एकाचे दोन दिसतात यांना. त्यांना सगळं समजलं. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी. तोवर सांधा केला होता, आठ खुंट्या मारल्या होत्या, मधल्या दगडावर बरोबर बसवला होता. दगड आहे तोवर याला काही होत नाही, म्हणाले होते. आणि दार लिहायला बसलो तेव्हा म्हणाले, लिही, एकसंध. मी लिहिलं. चूक त्यांची नव्हती रे. माझे डोळे चांगले होते." तिला आता रडू फुटलं होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. "ये बाहेर. तुझ्या पाया पडते. ये."

तळवे हलले. तो मागे सरपटू लागला. आधी चपला, मग गुडघे, मग पाठ, आणि शेवटी मातीने माखलेला चेहरा. तो उठून उभा राहिला, घण खाली ठेवला आणि तिच्या अंगावरून पलीकडे बघत राहिला.

"उतरवा," मिस्त्री म्हणाला. "बोटबोट. माझ्या आवाजावर."

घर परत दगडांवर टेकलं तेव्हा साडेनऊ वाजले होते. थाळीतलं पाणी शांत झालं. मिस्त्री पायरीवर बसला आणि त्याने पहिल्यांदाच चहा मागितला. रस्त्याचा साहेब येऊन उभा होता, हातात टेप, आणि त्याला कुणी काही सांगत नव्हतं.

"तिसरा गर्डर आणता येईल?" धाकट्याने विचारलं. "आत्ता?"

मिस्त्रीने कप खाली ठेवला. बोलावं की नाही असं त्याला क्षणभर झालं, पण तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. "काल दुपारपर्यंत माझ्या आवारात गंजत पडला होता. संध्याकाळी दुसऱ्या कामावर गेला. आज त्याच्यावर एक अख्खं घर बसलंय." तो थोरलीकडे बघत नव्हता. "काल सकाळी मला कुणी सांगितलं असतं तर नुसता ट्रकमध्ये टाकून आणायचा होता."

एकोणीस वर्षं गप्प राहण्याचं तिने मनाशी काही ना काही कारण जुळवलं होतं. कालच्या एका दिवसाला तिच्याकडे काहीच कारण नव्हतं. बाबांची चूक घर नेत नव्हती, बाबांच्या चुकीने तर ते एकोणीस वर्षं तोललं होतं. घर तिच्या कालच्या दिवसाने जात होतं, आणि हे तिथे उभ्या प्रत्येकाला कळत होतं. तिला वाटलं, धाकट्याने ओरडावं, चारचौघांत काय वाटेल ते बोलावं.

तो घराभोवती एक फेरी मारून आला. मग कोपऱ्याच्या खांबावर हात ठेवून म्हणाला, "खिळे फक्त फळ्यांना आहेत. सांगाडा खुंट्यांचा आहे. खुंट्या ठोकून काढता येतात."

"उद्या आठपर्यंत?" मिस्त्रीने विचारलं.

"होईल तेवढं."

मिस्त्रीने आपल्या माणसांकडे पाहिलं. ती माणसं घरं उचलणारी. घर खोलायला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. एकाने खांदे उडवले, दुसऱ्याने सदरा काढून कुंपणाला टांगला, आणि तिथून पुढे कुणी ठरवलं असं काही झालं नाही, सगळे कामाला लागले. आधी पत्रे उतरले, मग आढं दोरांनी खाली आलं, मग भिंतींच्या फळ्या. थोरलीने जाऊन पेन्सिल आणली. प्रत्येक लाकूड खाली आलं की त्यावर ती लिहायची, कुठलं, कितवं, कुठल्या बाजूचं. ओळखायला धाकटाच लागायचा, पण तो तिच्याशी बोलत नव्हता. तो मिस्त्रीला सांगायचा, "तिला सांगा, पश्चिम, खालून चौथी." मिस्त्री तिला सांगायचा, "पश्चिम, खालून चौथी," आणि ती लिहायची, जरी तिने पहिल्याच वेळी ऐकलेलं असायचं. दिवसभर हे असंच चाललं. कोठीचं दार निघालं तेव्हा धाकट्याने ते स्वतः उचललं आणि लिहिलेली बाजू आत करून ढिगाला टेकवून ठेवलं.

शेजारच्या इमारतीतले लोक गॅलऱ्यांतून बघत होते. ज्यांनी आयुष्यात हे घर वरून, पत्र्याच्या चौकोनाएवढंच पाहिलं होतं, त्यांना त्याच्या खोल्या दिसल्या आणि मग दिसेनाशा झाल्या. एका बाईने खाली येऊन पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. कुणाच्या घरी कोण मेलं आहे हे न कळता भेटायला आल्यासारखी ती जरा वेळ उभी राहिली आणि गेली.

सकाळी आठला मशीन आलं. त्याचा ड्रायव्हर वर बसूनच चक्रावला. त्याला घर पाडायचं सांगितलं होतं आणि समोर नऊ दगड होते. मागे, रेघेच्या पलीकडे, माणसाच्या उंचीच्या चार थप्प्या रचलेल्या, आणि थप्प्यांना टेकून सहा माणसं, तोंडं उघडी टाकून झोपलेली.

"घर कुठंय?" त्याने रस्त्याच्या साहेबाला विचारलं.

"मागे गेलं," साहेब म्हणाला, आणि कागदावर काय लिहावं या विचारात पडला. मग त्याने रेघेच्या अलीकडे बोट दाखवलं. "तेवढं एक राहिलंय. ते हलवा, नाहीतर मशीनखाली जाईल."

मधली तुळई दगडांवर तशीच होती. काल सगळ्यांनी तिला वळसा घातला होता, आणि कुणी का म्हणून विचारलं नव्हतं. पेटी निघाल्यावर सांधा उघडा पडला होता, हातभर लांब, तिरपा, आठ खुंट्यांचा, आणि आता भार गेल्यावर केसाएवढीही फट राहिली नव्हती. मिस्त्रीची माणसं उठून यायला लागली. धाकट्याने त्यांना हाताने थांबवलं. तो पुढच्या टोकाशी गेला, वाकला, आणि दुसऱ्या टोकाकडे कुणीतरी यायची वाट बघत तसाच राहिला.

"अहो, दोघांचं नाही ते," मिस्त्री म्हणाला. "सहा जण लागतील."

धाकट्याने ऐकलं नाही. थोरलीने पदर खोचला आणि दुसऱ्या टोकाशी जाऊन वाकली. मिस्त्री काही बोलायला गेला, पण मग त्याने माणसांना खुणेने दोन्ही बाजूंना उभं केलं आणि हात लावायला सांगितलं. टोकं मात्र त्या दोघांकडेच राहू दिली.

"परवा सांगितलं असतंस," धाकटा म्हणाला. चोवीस फुटांवरून, तिच्याकडे बघून, बावीस तासांत पहिल्यांदा. "तर घर उभं असतं."

"हो," थोरली म्हणाली. "असतं."

त्याने तळहातावर थुंकून हात चोळले.

"धर मग. सांध्याला वाकू देऊ नकोस."

तिने धरलं.